काकू, गच्चीची चावी मिळाली

काकू, गच्चीची चावी मिळाली.

आज सकाळी मी खाली जाऊन वॉचमनकडे मागितली आणि त्याने खिशातून काढून हातावर ठेवली. लिफ्टची वाट बघण्यात जेवढा वेळ गेला, तेवढाही चावी मागण्यात गेला नाही. हे तुम्हालाच सांगायला हवं होतं, आणि तुम्ही नाहीत. म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. महेशदादा परवा म्हणाले, "सारिका, सोसायटीच्या ग्रुपवर आईबद्दल चार ओळी टाक ना. तू शिकलेली आहेस, तुला जमेल." ग्रुपवर सगळ्यांचे जोडलेले हात येऊन पडले आहेत. मी चार ओळी लिहिल्या. प्रेमळ, कष्टाळू, सर्वांना आपलंसं करणाऱ्या. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण त्या चार ओळींत चावी कुठेच बसत नव्हती, म्हणून पुसून टाकल्या.

अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये मी मुलुंडला तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, बी.एस्सी.चं प्रमाणपत्र होतं आणि एका प्रयोगशाळेतली नोकरी होती. खाण्याच्या पदार्थांत बुरशी किती, जंतू किती, ते तपासायचं काम. आमच्या आटपाडीच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिलीच. वडील गवंडी, आई लोकांच्या रानात कामाला जाणारी. मी नक्की काय करते हे आईला अजूनही नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "पोरगी ममईत बुरशी मोजती." तुम्हाला ते इतकं आवडलं होतं की आल्यागेल्याला तुम्ही माझी ओळख तशीच करून द्यायचात. "ही आमची सारिका. बुरशी मोजते. आणि वर पगार देतात हो तिला!"

काका गेले होते, महेशदादा नाशिकला स्थायिक झाले होते आणि आतली खोली रिकामी होती. म्हणून तुम्हाला पेइंग गेस्ट हवी होती. पहिल्याच दिवशी तुम्ही नियम सांगितलेत. "ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाय. ओली छत्री आत आणायची नाय. ओल्या केसांनी उशीवर डोकं ठेवायचं नाय. बाकी काय पण कर." मी सगळ्या उपदेशांची तयारी करून आले होते. मुलांबद्दल, फोनबद्दल, यायच्या वेळेबद्दल. तुम्ही फक्त ओलाव्याबद्दल बोललात.

मला तेव्हा ते कळलं नाही. आमच्या दुष्काळी भागात कोरडं हा चांगला शब्द नव्हता. विहीर कोरडी, रान कोरडं, गाईची कास कोरडी. ओल म्हणजे नशीब. आणि इथे एक बाई चार महिने ओलीशी भांडत होती.

पावसाळा तुम्ही दात आवळून काढायचात. आपलं लाकडी दार फुगायचं, ते लाथ मारून लावावं लागायचं. मीठ पाझरायचं, काकांच्या फोटोच्या काचेमागे धुकं धरायचं, आणि तुमची छाती वाजायची. दम्याचा पंप कंबरेला खोचून तुम्ही घरभर फिरायचात. मग घट बसले की एखाद्या सकाळी तुम्ही दूध घेऊन यायचात, दार ढकलायचात आणि ते आवाज न करता चौकटीत बसायचं.

"सारके, दार लागलं गो!"

तो आपल्या घराचा सण. दसरा-दिवाळी त्याच्या नंतर. त्या दिवशी तुम्ही मला सुट्टी टाकायला लावायचात. गाद्या, उशा, रजया, गोधड्या, सगळं दोघींनी डोक्यावरून गच्चीवर न्यायचं. दहाला घालायचं, दोनला उलटायचं, चारच्या आत उचलायचं. चारनंतर तुमच्या मते हवेचा स्वभाव बदलतो. मग काठीने झोडपायचं. कुळीथ, कोकमं, लाल मिरच्या वर्तमानपत्रावर पसरायच्या. माझ्या कॉलेजच्या वह्यासुद्धा तुम्ही पानं उघडून कठड्याला टेकवून ठेवायचात. "ह्यांना पण थोडी अक्कल वाळू दे." खाली आल्यावर घडीघडीत वेखंडाची पूड आणि वाळलेला कडुनिंब. दिवेलागणीला नवे अभ्रे, ताणून घातलेली चादर, एकच छोटा दिवा, आणि आल्याचा चहा. मी पलंगावर बसले की खालून तापलेल्या कापसाचा वास यायचा.

शेजारच्या वहिनी हसायच्या. "काकू, बाहेर एवढा उकाडा, आणि तुम्ही गाद्या कसल्या तापवताय?"

"ऊब म्हणजे गरम नव्हे गो बाय," तुम्ही म्हणायचात. "ऊब म्हणजे कोरडं. कोरड्यात माणूस निवांत झोपतो."

मी निवांत झोपायला तुमच्या घरात शिकले, काकू. त्याआधी मी फक्त दमून झोपायचे.

त्या पहिल्याच वर्षी तुम्हाला माझ्या पलंगाखाली ती प्लास्टिकची पिशवी सापडली. आत आईने शिवलेली वाकळ होती. तिच्या जुन्या लुगड्यांची, आत वडिलांच्या धोतराचे थर. वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. मी जूनपासून ती लपवली होती आणि स्टेशनबाहेरून एक फुलाफुलांचं ब्लँकेट आणलं होतं. मुंबईत कुणी वाकळ पांघरत नसेल असं मला वाटायचं.

"हे काय गो?"

"काही नाही काकू. जुनं आहे. टाकायचंय."

"शिवली कोणी?"

"आईनं."

तुम्ही तिथेच फरशीवर बसलात. वाकळीला आंबूस वास येत होता, तरी मांडीवर घेतलीत आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिलात. "टाका बघ हिचा. एका मापाचा. आमच्या ह्यांच्या मिलमधल्या मशिनीला असा जमायचा नाय." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तुला लाज वाटते ना? मग मला दे. मला नाय वाटत. तू माझी रजई घे."

लाज वाटते हे खरंच होतं, आणि ते तुम्ही इतक्या सहज म्हणालात की नाही म्हणायची सोय राहिली नाही. त्या दिवशी वाकळ उन्हात पडली आणि त्या रात्रीपासून ती तुमची झाली. अकरा वर्षं तुम्ही तीच पांघरलीत. आई एकदा मुलुंडला आली होती, तेव्हा तुमच्या पलंगावर तिची वाकळ बघून काठाचे टाके चाचपत उभी राहिली. जाताना तुमच्या पाया पडली. तुम्ही तिच्याहून फार मोठ्या नव्हतात. तुम्ही तिला उठवत म्हणालात, "माझ्या काय पाया पडतेस! तुझ्या पांघरुणात झोपते मी."

आपला वाद आठवतो? तो तसाच राहिला.

मी म्हणायचे, "काकू, उन्हाने सगळी बुरशी मरत नाही. बीजाणू शिल्लक राहतातच. मी रोज बघते."

"राहू देत की. मी कुठे म्हणते मरते? वर्षातून एकदा बाहेर काढलं की तिला कळतं, या घरात कोणीतरी लक्ष ठेवून आहे."

"बुरशीला कळत नाही काकू."

"तुझ्या काचेच्या डिशमधलीला कळत नसेल. माझ्या घरातलीला कळतं."

शेवटी आपलं ठरलं होतं की रीतसर प्रयोग करायचा. अर्धी गोधडी उन्हात, अर्धी घडी करून कपाटात, आणि दोन्हीकडचे नमुने माझ्या प्रयोगशाळेत. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या आश्विनात करू. तुम्ही पैज लावायलाही तयार होतात. हरलात तर आठवडाभर माझ्या हातची आमटी तक्रार न करता खाणार होतात.

मग बिल्डिंग पाडायचं ठरलं. महेशदादा म्हणाले, "आई, नवीन होईपर्यंत नाशिकला चल." तुम्ही म्हणालात, "नाशिकला मला कोण ओळखतं? तिथला कुकरसुद्धा वेगळी शिट्टी मारतो." आणि मी मध्ये पडले. "दादा, मी आहे ना. आम्ही दोघी कांजूरला भाड्याने जागा घेतो. काही काळजी करू नका."

मी आहे ना. केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते मी.

बिल्डरने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. पण मध्ये पितृपक्ष येत होता, आणि पितृपक्षात कोण घर बदलणार? म्हणून अख्ख्या बिल्डिंगने ठरवलं, विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि गेटवर टेम्पोंची रांग लागणार होती. एकट्या तुम्ही वेगळं बोललात.

"पितृपक्षात गेलं तर काय होतं गो? माझे पितर सगळे ओळखीचे आहेत. सासऱ्यांना मी स्वतः अंघोळ घातली आहे, ते काय मला त्रास देणार? पंधरा दिवस थांबू. ऊन पडेल. अंथरुणं वाळवून नेऊ."

आणि मी, बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, मी तुम्हाला म्हणाले, "काकू, नको. लोक काय म्हणतील?"

माझा पितृपक्षावर विश्वास नव्हता, काकू. भीती वेगळीच होती. त्या दिवसांत घर बदललं आणि तुम्हाला काही झालं, तर दोष माझ्यावर येईल, सगळे म्हणतील की परक्या पोरीने ऐकलं नाही. स्वतःला वाचवायला मी तुम्हाला घाईने हलवलं. तुम्ही शेवटचं म्हणून पाहिलंत, "एक दिवस. एकच दिवस ऊन लागू दे, मग बांध." मी म्हणाले, "उद्या सातला टेम्पो येतोय." गाद्या-गोधड्या मी मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबल्या, गुडघा देऊन हवा काढली आणि वर टेप मारली. हात लावला तेव्हा वाकळ गार लागली होती. गार म्हणजे ओलसर. मला माहीत होतं. प्रयोगशाळेत बुरशी वाढवायची असते तेव्हा आम्ही नेमकं हेच करतो. ओलावा, अंधार, आणि झाकण बंद.

आठ दिवसांनी मुलुंडला कडक ऊन पडलं. आपली गच्ची रिकामी होती.

कांजूरची जागा तुम्हाला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. एक खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. दुसरीतून संध्याकाळी वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास यायचा, म्हणून ती बंद ठेवायची. घरात दिवसभर ट्यूब. सुतार वेळेवर आला नाही म्हणून कपाट नव्हतं, आणि कपाट नव्हतं म्हणून पिशव्या तशाच पडून राहिल्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी टेप कापली.

"कसलो वास येता गो?" तुम्ही विचारलंत. दमलात की तुमची मालवणी बाहेर यायची.

"नव्या जागेचा आहे काकू."

वाकळीच्या काठावर राखाडी-हिरवे ठिपके होते. मी ते फडक्याने पुसले, वाकळ पंख्याखाली टाकली, वर लॅव्हेंडरच्या वासाचा फवारा मारला आणि संध्याकाळी तुमच्या पायांवर घातली. नवा अभ्रा, नवी चादर, तुमचा छोटा दिवा, आल्याचा चहा. सगळं तुम्ही शिकवलं होतं तसंच मांडलं होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती छान घर लावलंय पोरीने.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चावी मागायला लागलात.

गच्ची आपल्या डोक्यावरच होती, एक जिना चढला की झालं. पण दाराला कुलूप, आणि कुलपाशेजारी पाटी. गच्चीवर जाण्यास सक्त मनाई आहे. काकू, मी पाटी वाचणारी मुलगी आहे. फळ्यावर लिहिलेलं खरं मानून, रांगेत उभी राहून, अर्ज नीट भरून मी इथवर आले. मनाई आहे असं लिहिलं असेल तर माझा हात पुढे होत नाही. तुम्ही ते कधी मानलं नाहीत. "पाटी कोणी लिहिली? माणसानेच ना? मग माणसाला विचार."

"विचारलंस?"

"विचारते."

"विचारलंस गो?"

"वॉचमन नव्हता जागेवर."

होता. खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. मी त्याच्यासमोरून गेले.

"सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागेल बहुतेक," मी चौथ्यांदा म्हणाले.

"मग दे. शिकलीस कशाला?" तुम्ही हसलात, आणि हसताना खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही.

दसऱ्यानंतर एक दिवस मी कामावरून आले, तर तुम्ही पलंगावर टेकून बसलेल्या होतात, तोंड पांढरं पडलेलं. "मी गेले होते खाली," म्हणालात. "तुला भीती वाटते, म्हणून मीच गेले. वॉचमन पाण्याच्या पंपापाशी गेला होता. बाकावर बसले थोडा वेळ. पण खालची हवा छान होती गो, ऊन होतं." तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही वॉचमनच्या बायकोला मुलगी झाली आहे, तेवढी बातमी मला दिलीत. बाकावरच्या कुणाकडून तरी ती तुम्हाला कळली होती. मी त्याच्यासमोरून रोज जात होते, मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन दिवसांनी आपण रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. जाताना तुम्ही वाकळ अंगावर घेतली होतीत. नर्सने ती काढून माझ्या हातात दिली.

कोजागिरीला तुम्ही वॉर्डात होतात. दरवर्षी आपण गच्चीवर दूध ठेवायचो. मी थर्मासमध्ये घेऊन आले होते, केशर घालून. मास्कमुळे तुम्हाला पिता आलं नाही. तुम्ही मास्क जरा बाजूला करून म्हणालात, "सारके, माका जरा उन्हात घाल गो."

"बऱ्या व्हा, घालते."

"दोनला उलट हां."

तुम्ही हसलात की श्वास अडकला, मला नक्की कळलं नाही. त्यानंतर तुम्ही जे बोललात ते महेशदादांशी आणि काकांशी. काका तिथे नव्हते. दोन दिवसांनी पहाटे संपलं.

डॉक्टरांना मी विचारलं. अंथरुणातल्या बुरशीमुळे होऊ शकतं का? ते चांगले होते, थांबून बोलले. वय होतं, जुना दमा होता, जागा बदलली, हवा बदलली, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. ठेवता येत नाही म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. मी रोज अहवाल लिहिते, मला या दोन वाक्यांमधला फरक कळतो.

महेशदादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू होतीस म्हणून आईचं शेवटचं नीट झालं." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडते आहे.

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी दादांनी तुमची गादी, उशी आणि वाकळ, सगळ्याची मोट बांधली. बांधायच्या आधी मी वाकळीच्या काठावर ओला बोळा फिरवला आणि तो डबीत घालून प्रयोगशाळेत नेला. आपला प्रयोग मी अर्धा केला, काकू. तुलनेला उन्हातली अर्धी बाजू नव्हती. पाच दिवसांनी डिश बाहेर काढली तेव्हा मध्ये रिकामी जागा उरलीच नव्हती. एकात एक मिसळलेले ठिपके, हिरवे, काळे, मखमलीसारखे. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एक डिश न मोजता नष्ट केली.

मोट कचऱ्याच्या गाडीत गेली. ती गाडी कुठे रिकामी होते हे कांजूरला राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आता संध्याकाळी वारा फिरला तरी मी खिडकी लावत नाही.

आईला फोन करून वाकळ टाकावी लागली हे सांगितलं. "जाऊ दे बाई," ती म्हणाली. "त्यांचीच हुती ती. मी तुला दुसरी शिवती." मग तिने सहज विचारलं. सहजच, काकू, तिच्या मनात काही नव्हतं. "यंदा ऊन दावलं हुतं का तिला? का तशीच घेतली पांघराय त्यांनी?"

मी म्हणाले, "दाखवलं होतं."

उद्या शय्यादान आहे. गुरुजींनी यादी दिली. गादी, उशी, चादर, पांघरूण, छत्री, चपला. वाटेवर तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. काल दादांनी दुकानातून सगळा संच आणला. कापसाची गादी आहे, हे त्यांनी लक्षात ठेवलं. ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. आज सकाळी ते प्लास्टिक मी हाताने फाडलं, नाक लावून वास घेतला आणि तडक खाली गेले.

वॉचमनचं नाव दत्ता आहे. मी म्हणाले, "दादा, गच्चीची चावी हवी होती. गादी वाळवायची आहे."

"घ्या ना ताई," तो म्हणाला. "चार वाजता आणून द्या फक्त."

"वर पाटी आहे ना? सक्त मनाई म्हणून?"

"ती पोरांसाठी हो. पतंग उडवायला जातात आणि टाकीचं झाकण उघडं ठेवतात. बाया तर रोज पापड घालतात वर." मग त्याने विचारलं, "त्या आजी बऱ्या आहेत का? मागे एकदा बाकावर बसून गेल्या म्हणे, माझी भेट झाली नाही."

मी त्याला सांगितलं. तो उठून उभा राहिला.

मी एकटीने गादी डोक्यावर घेतली आणि वर नेली. काकू, काय ऊन होतं! चारी बाजूंनी मोकळी गच्ची, कठड्यावर कुणाचे तरी पोह्याचे पापड, लांब खाडीचं पाणी चमकत होतं. एवढं ऊन तुमच्या पलंगापासून वीस पायऱ्यांवर होतं.

थोड्या वेळाने महेशदादा शोधत वर आले. "अगं, नव्या गादीला कशाला ऊन? उद्या तर देऊन टाकायची आहे."

मग मी त्यांना सांगितलं. ओल्या अंथरुणाचं, टेपचं, पितृपक्षाचं, डिशचं, वॉचमनच्या समोरून गेल्याचं. ते कठड्याला टेकून ऐकत राहिले. ओरडतील असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. ते म्हणाले, "मला पण फोनवर म्हणाली होती ती. चावीचं जरा बघ म्हणून. मी म्हटलं, आई, सारिकाला सांग ना." आणि ते खाली निघून गेले. जिन्यात मध्येच पावलं थांबली, बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली.

मी तिथेच बसून आईला फोन लावला.

"आई, मी खोटं बोलले तुझ्याशी. वाकळीला ऊन लागलं नव्हतं. ओलीच बांधली होती मी. तशीच काकूंच्या अंगावर घातली."

पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"आता कुठं हाईस तू?" आईने विचारलं.

"गच्चीवर. काकूंची गादी वाळवतेय. उद्या द्यायची आहे."

ती माफ केलं म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "डोक्यावर काय घेतलंयस का?"

"नाही."

"घे कायतरी. ह्या दिवसातलं ऊन लई वंगाळ."

मी ओढणी डोक्यावर घेतली आणि गादीशेजारी बसून राहिले. दोन वाजले तेव्हा गादी उलटली.